तो मुलगा परत का आला नाही? सांस्कृतिक केंद्रांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारिणी सदस्य,
मी जिथे काम करते ते कला व सांस्कृतिक केंद्र, आणि त्याच्यासारखी लोकांच्या बळावर चालणारी सगळी केंद्रे

सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीचं इतिवृत्त मी टाइप केलं. त्यात एक वाक्य आहे : 'हल्ली स्वयंसेवक मिळत नाहीत, नव्या पिढीला अशा कामात रस उरलेला नाही.' बैठकीत कुणीतरी ते सहज म्हटलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुढे सरकला. टाइप करताना मात्र माझा हात अडखळला. दाराशेजारच्या टेबलावरचं स्वयंसेवकांचं रजिस्टरही माझ्याच ताब्यात असतं. घरी निघण्याआधी मी ते उघडून बसले. वर्षभरात पहिल्यांदा सही केलेल्या माणसांनी त्यात पानंच्या पानं भरली आहेत. तीच सही दुसऱ्यांदा शोधायला गेलं की नावं विरळ होत जातात. तिसऱ्यांदा सही करणारे बोटांवर मोजता येतील इतके.

तेव्हा माणसं मिळत नाहीत हे खरं नाही. माणसं येतात आणि निघून जातात. न मिळणं आणि न टिकणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यावर जाहिरातीचा इलाज चालेल. दुसऱ्यासाठी आपल्यालाच आरशासमोर उभं राहावं लागेल.

गेली नऊ वर्षं मी इथे येते. खुर्च्या मांडल्या, दाराशी उभी राहिले, चित्रं टांगली, मुलांच्या शिबिरात रंगांच्या वाट्या धुतल्या, तालमींना प्रॉम्प्टिंग केलं. या वास्तूनं मला खूप दिलं आहे. म्हणूनच हे पत्र बंद पाकिटात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे. इतर केंद्रांत काम करणाऱ्या मैत्रिणींशी बोलते तेव्हा त्यांचंही रडगाणं हेच असतं.

एका मुलाची गोष्ट सांगते. कॉलेजात शिकणारा, अबोल. पहिल्या दिवशी त्यानं खुर्च्या लावल्या. दुसऱ्या वेळी आला तेव्हा नृत्याचा कार्यक्रम होता आणि त्याला लोकांना जागा दाखवायचं काम दिलं होतं. एक दृष्टिहीन बाई बहिणीबरोबर आल्या होत्या. ऐनवेळी बहिणीला फोन आला आणि तिला जावं लागलं. हा मुलगा बाईंना खुर्चीपर्यंत घेऊन गेला. त्यांनी त्याचा हात सोडला नाही. म्हणाल्या, "बाळा, तूच बस इथे. काय चाललंय ते मला सांगत राहा."

मी मागच्याच रांगेत होते, त्यामुळे पुढचं सगळं ऐकलं. आधी तो फार बोलत होता. "खूप छान दिसतंय... आता मस्त चाललंय... सुंदर." बाईंनी त्याच्या मनगटावर हलकेच थोपटलं. "सुंदर आहे ते मला टाळ्यांवरून कळेल. तू हात कुठे आहेत ते सांग." तो क्षणभर गप्प झाला. मग हळूहळू सांगू लागला : "उजवा हात डोक्याच्या वर. मूठ मिटलेली. आता बोटं उघडतायत, एकेक. डावा पाय मागे. वळली. पाठ आपल्याकडे." अर्ध्या तासात त्याला आणखी एक गोष्ट आपोआप उमगली. बोल चालू असताना तो थांबायचा आणि दोन बोलांच्या मधल्या मोकळ्या जागेत तीन-चार शब्द ठेवायचा. बाई मान थोडी तिरकी करून ऐकत होत्या. एका ठिकाणी नर्तकी एकदम थबकली आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. त्या शांततेत तो फक्त "डोळे" म्हणाला. बाईंनी हुंकार दिला.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी त्याला विचारलं, "पुढच्या वेळी असशील ना?" नंतर तो माझ्या टेबलापाशी आला. चेहरा तापलेला. म्हणाला, "मावशी, याला काही नाव असतं का? हे शिकता येतं का कुठे?"

मला माहीत नव्हतं. मी ही गोष्ट संबंधितांच्या कानावर घातली. "चांगलं केलं त्यानं," असं उत्तर मिळालं, "पण पुढच्या कार्यक्रमाला त्याला खुर्च्यांकडेच ठेवा, तिथे माणसं कमी पडतायत." तिसऱ्या वेळी त्यानं मुकाट्यानं खुर्च्या लावल्या. चौथी सही रजिस्टरमध्ये नाही.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधून काढलं, आणि ते वाचून मला जास्तच वाईट वाटलं. त्याला नाव आहे : ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे दृश्याचं शब्दांत वर्णन. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये मार्गारेट रॉकवेल या दृष्टी गमावलेल्या बाईंनी १९७४ मध्ये अंध श्रोत्यांसाठी वर्तमानपत्रं वाचून दाखवणारी रेडिओ सेवा सुरू केली. वाचणारे स्वयंसेवक होते. १९८१ मध्ये तिथल्या अरीना स्टेज या नाट्यगृहाला अंध प्रेक्षकांसाठी काहीतरी करायचं होतं, तेव्हा त्यांनी याच बाईंना हाक मारली. रॉकवेलबाईंनी आणि त्यांचे सहकारी कोडी फॅनस्टील यांनी मिळून नाटक चालू असताना संवादांच्या फटीत वर्णन करण्याची शिस्त बसवली आणि स्वयंसेवकांना ती शिकवली. पुढे ही पद्धत दूरदर्शनवर गेली, चित्रपटांत गेली, संग्रहालयांत गेली. आज जगभर तिचे प्रशिक्षित व्यावसायिक आहेत. त्या पद्धतीचा पहिला नियम असा : मत देऊ नका, जे दिसतं ते सांगा. आमच्या बाईंनी मनगटावर थोपटून त्या मुलाला नेमकं तेच शिकवलं होतं.

एवढी मोठी गोष्ट आपल्या चौथ्या रांगेत एका संध्याकाळी आपसूक घडली. आपल्याकडे तिच्यासाठी रकाना नव्हता. आपल्या रजिस्टरमध्ये 'काम' या शीर्षकाखाली तीनच शब्द आलटून पालटून येतात : खुर्च्या, दार, इतर.

खुर्च्या लावणं हलकं काम आहे असं मला म्हणायचं नाही. मी आजही लावते, आणि रांग सरळ आली की मला मनापासून समाधान वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. माणूस काय घेऊन आला आहे हे आपण कधी विचारतच नाही. तो दारातून आत येतो तेव्हा आपल्याला दोन हात दिसतात. त्या हातांना काय येतं, त्या माणसाला काय शिकायचं आहे, तो आपली सुटीची दुपार सोडून इथे का आला, हे विचारायला पाच मिनिटं पुरतात. नऊ वर्षांत ती पाच मिनिटं मी फार कमी वेळा पाहिली.

२०१३ मध्ये कामगार सांख्यिकीतज्ज्ञांची एकोणिसावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे स्वयंसेवी कामाची व्याख्या ठरली आणि आता देशोदेशीच्या आकडेवारीसाठी ती वापरली जाते. व्याख्या साधी आहे : दुसऱ्यांसाठी केलेलं, बिनमोबदला आणि सक्ती नसलेलं काम. आपल्या केंद्रांनी यातला 'बिनमोबदला' हा शब्द पक्का पाठ केला आहे. 'सक्ती नसलेलं' हा शब्द मात्र कुणाच्याच ध्यानात राहत नाही. पगारी माणूस काम आवडलं नाही तरी महिनाअखेरीपर्यंत येतो, त्याला यावंच लागतं. स्वयंसेवकाला काहीच बांधून ठेवत नाही. त्याला परत आणणारी गोष्ट कामातच असावी लागते. ती नसली तर तो भांडत नाही, राजीनामा देत नाही. तो नुसता येत नाही. म्हणून आपल्याला कधी कळतही नाही.

त्याच व्याख्येत एक गोष्ट स्पष्टपणे वगळली आहे : शिक्षणाचा भाग म्हणून सक्तीनं करावं लागणारं विनामूल्य काम स्वयंसेवी धरलं जात नाही. तास भरून प्रमाणपत्र न्यायला आलेले विद्यार्थी आपण वार्षिक अहवालात 'आमचे शेकडो स्वयंसेवक' म्हणून मोजतो, ते थांबवायला हवं. त्या मुलांना येऊ द्या, जरूर येऊ द्या. सक्तीनं आलेल्यांतलाच एखादा पुढे स्वतःहून परत येतो, मी पाहिलं आहे. पण परत येईल तेव्हाच त्याला स्वयंसेवक म्हणा.

बैठकीत नेहमी भीती व्यक्त होते की नवख्या माणसाच्या हाती मोलाची गोष्ट दिली आणि ती बिघडली तर? ही भीती मला समजते. मी स्वतः पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी एक जलरंगातलं चित्र चौकटीच्या वरच्या पट्टीला धरून उचललं होतं. तिथे उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ चित्रकारांनी "थांब, थांब" म्हणत झटकन खालून हात दिला. जुनी चौकट, सांधे सैल झालेले. वरची पट्टी हातात आली असती आणि काच खाली. मग त्यांनी मला दाखवलं. एक हात तळाला, एक हात बाजूला. एका वेळी एकच चित्र, लहान असलं तरी. चालण्याआधी वाटेत काय आहे ते पाहून घ्यायचं आणि ठेवायची जागा आधी मोकळी करायची. भिंतीवर लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरच्या किंचित खाली, म्हणजे उभ्या माणसाची नजर तिथे सहज टेकते. जलरंगावर आणि कापडावर उजेड मंद, पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास, कारण उडालेला रंग परत येत नाही. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. त्यानंतर माझ्या हातून एकही चित्र निसटलेलं नाही, आणि ती वीस मिनिटं मी पुढे किती जणांना दिली याची मोजदाद नाही.

नवख्या हातांना शिकवणारं कुणी भेटलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण फ्लोरेन्सचं आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी शहरात शिरली. पाण्याबरोबर चिखल आला, आणि घरं तापवण्यासाठी साठवलेलं तेलही. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरांत शतकानुशतकांची पुस्तकं त्या काळ्या लगद्यात बुडाली. इटलीतून आणि बाहेरच्या देशांतून तरुण मुलंमुली आपणहून येऊन पोचली. कुणी बोलावलं नव्हतं. जिन्यांवर माणसांच्या साखळ्या उभ्या राहिल्या आणि एकेक पुस्तक हातातून हातात वर आलं. लोकांनी त्यांना 'चिखलातले देवदूत' असं नाव दिलं. हे नाव सगळ्यांना आवडतं, आपल्याही व्यासपीठांवरून मी ते ऐकलं आहे. पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. नुसत्या उत्साहानं ओलं पुस्तक वाचवता येत नाही. चुकीचं उघडलं तर पानं चिकटतात, फाटतात, बुरशी धरते. भिजलेली पुस्तकं वाळवायला तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांपर्यंत नेली गेली. ब्रिटनहून पुस्तकबांधणीतले जाणकार पीटर वॉटर्स आणि त्यांचे सहकारी आले. त्यांनी धुणं, सुकवणं, दुरुस्ती, बांधणी अशी कामाची टप्प्याटप्प्यांची घडी बसवली. हात हजारो होते, पण त्यांना काय करायचं हे दाखवणारं कुणीतरी बसलं, म्हणून ते हात उपयोगी पडले. ग्रंथसंवर्धनाचं आजचं शास्त्र बरंचसं त्या चिखलातून वर आलं आहे.

आपल्याकडे पूर आलेला नाही. पण आपल्या मागच्या खोलीत एक कपाट आहे, त्याबद्दल बोलायलाच हवं. त्यात जुन्या मैफलींच्या, व्याख्यानांच्या, तालमींच्या टेप आहेत. रीळ आहेत, कॅसेट आहेत. काहींवर नाव आहे, काहींवर फक्त तारीख, बऱ्याच कोऱ्या. रेडिओ दुरुस्तीत आयुष्य गेलेले एक काका एका दुपारी आले आणि म्हणाले, "माझ्याकडे चालू स्थितीतला रीळ प्लेअर आहे, मी हे उतरवून देतो." त्यांनी पहिलंच रीळ लावलं आणि लगेच थांबवलं. टेप सरकताना करकर आवाज येत होता आणि हेडवर तपकिरी भुकटी जमली होती. त्यांनी मला ती बोटावर घेऊन दाखवली. "ही भुकटी म्हणजेच गाणं," ते म्हणाले. "आवाज याच्यावरच असतो. टेपचा चिकटा दमट हवेनं सुटला की तो असा खरवडला जातो. ही टेप आता अशीच वाजवायची नाही, आधी हलक्या उष्णतेवर सुकवावी लागते." दुसरं रीळ मात्र धडधाकट निघालं. त्यात आधी कुणीतरी खाकरलं, पेटीचा भाता ओढल्याचा आवाज आला, आणि मग या केंद्राच्या संस्थापकांपैकी एकांचा आवाज : "लागलं का रे यंत्र?" ते जाऊन कितीतरी वर्षं झाली. काकांनी आवाज जरा वाढवला. आम्ही दोघं उभ्याउभ्याच ऐकत राहिलो.

युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये जगभरच्या संस्थांना सावध केलं होतं की चुंबकीय टेप वाजवणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग २०२५ च्या सुमारास मिळेनासे होतील. ते वर्ष येऊन गेलं. आपल्या कपाटाची किल्ली एकाच पदाधिकाऱ्यांकडे असते आणि ते काकांच्या सवडीच्या दिवशी कधीच नसतात. काका तीन वेळा येऊन बंद कपाटाकडे बघून गेले. चौथ्यांदा फोन केला तेव्हा म्हणाले, "ताई, किल्ली मिळाली की कळवा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

किल्लीवरून दुसरी एक संध्याकाळ आठवते, आणि ती आठवली की अजूनही माझ्या तळहातांना घाम येतो. सभागृह भरलेलं, मी डाव्या दाराशी. मध्येच वीज गेली. पर्यायी दिवे लागायला हवे होते, लागले नाहीत. अंधारात मुलं रडू लागली, लोक उठू लागले, कुणीतरी माझ्या दारावर हात मारला. ते दार बाहेरून कुलूप लावलेलं होतं. चोरीच्या भीतीनं ते नेहमी तसंच असतं हे मला माहीत नव्हतं, आणि किल्ली कुणाकडे आहे हेही नाही. दारावर स्वयंसेवक उभा आहे म्हणजे दार उघडेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी स्वतःसुद्धा. रंगमंचावरच्या गायकांनी माईकशिवाय, काहीच घडलं नाही अशा सुरात, आलाप धरला. लोक हळूहळू बसले. काही मिनिटांत वीज आली. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून त्याची चर्चाही झाली नाही.

३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला आग लागली. जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी उघडलेली नवीकोरी वास्तू, आगीपासून सुरक्षित म्हणून जाहिरात केलेली. सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. काही दारं कुलूपबंद होती, काहींच्या खिट्ट्या कशा उघडायच्या हे कुणाला कळलं नाही, आणि दारांवर नेमलेल्या लोकांना अशा वेळी काय करायचं याची तालीम कधी दिलेलीच नव्हती. नाट्यगृहांची दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत, ढकलताच उघडावीत, वाटांवर दिवे असावेत, या नियमांमागे असे मृत्यू उभे आहेत.

माझी विनवणी आहे : ज्याला दाराशी उभं करता, त्याला ते दार आधी एकदा उघडायला लावा. बाहेर पडण्याचा रस्ता त्याच्या पायांनी चालून दाखवा. वीजप्रवाह बंद करायचं बटण कुठे आहे, आग विझवायचं नळकांडं कुठे आहे, कुणाला हाक मारायची, हे सगळं दहा मिनिटांत होतं. ही दहा मिनिटं दिल्याशिवाय कुणाच्याही छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावू नका. मुलांच्या शिबिरांबाबतही तसंच. एका मोठ्या माणसानं मुलांबरोबर बंद खोलीत एकट्यानं असू नये, नेहमी दोघं असावीत. हा नियम लिहून भिंतीवर लावा. तो कुणावर अविश्वास म्हणून नाही, मुलांसाठी आणि आमच्यासाठीही आहे.

दुसऱ्या बाजूचंही बोलते. स्वयंसेवक आहेत म्हणून ध्वनितंत्रज्ञाचे पैसे वाचवायचे, सफाईला माणूस ठेवायचा नाही, शिकाऊ मुलाला उंच शिडीवर चढवून दिवे लावायला सांगायचे, हे मला मान्य नाही आणि मी ते करणार नाही. आमच्या फुकट हातांमुळे कुणाच्या पोटावर पाय येऊ नये. तंत्रज्ञाला त्याचा मोबदला द्या आणि त्याच्या हाताखाली दोन स्वयंसेवक शिकायला ठेवा. केबल कशी गुंडाळायची, एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे आतल्या तारा पिळवटत नाहीत आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ पसरते. हे मला अशाच एका तंत्रज्ञानं शिकवलं. त्याच्या जागी मला उभं केलं असतं तर मी ती कोपरावर गुंडाळत राहिले असते.

आणि आमचंही चुकतं. येतो म्हणून सांगतो आणि येत नाही. ऐनवेळी मोबाइल बंद ठेवतो. कार्यक्रम रंगात आला की दार सोडून पुढे जाऊन बसतो. विनामोबदला काम म्हणजे बिनजबाबदारीचं काम नव्हे, हे आम्हाला ठणकावून सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण जबाबदारी आधी हाती द्यावी लागते, मगच तिचा जाब विचारता येतो.

लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपलमध्ये, सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्यानं १८८१ पासून शाळेच्या खोल्यांत चित्रप्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. गिरण्या-गोदामांत राबणाऱ्या लोकांना चित्रं पाहता यावीत म्हणून ती रविवारीही उघडी ठेवायची असा त्यांचा हट्ट होता, आणि त्यासाठी त्यांनी धर्ममार्तंडांचा रोष पत्करला. त्यातूनच १९०१ मध्ये व्हाइटचॅपल गॅलरी उभी राहिली. आपण नव्या स्वयंसेवकांची ओळखबैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतो आणि नोकरदार माणसं येत नाहीत म्हणून हळहळतो. वेळ बदलायला ठरावसुद्धा लागणार नाही.

मला काय हवं आहे ते सांगते. पुढच्या बैठकीत एक माणूस नेमा, ज्याचं कामच स्वयंसेवकांकडे पाहणं असेल. हे काम कुणाच्या तरी इतर सात कामांत आठवं म्हणून ढकलू नका. तो किंवा ती नव्या माणसाशी पाच मिनिटं बोलेल, त्याला काय येतं ते लिहून घेईल, पहिल्या दिवशी जुन्या कुणाच्या तरी जोडीला देईल आणि आठवड्यानं फोन करून विचारेल, "कसं वाटलं?" या माणसाला थोडा अधिकार द्या. एखादी नवी गोष्ट करून पाहायला, 'दृश्यवर्णनासाठी राखीव' अशा दोन खुर्च्या बाजूला ठेवायला त्याला तीन सह्या गोळा कराव्या लागू नयेत. येण्या-जाण्याचा खर्च ज्याला झेपत नाही त्याला तो विनाचौकशी द्या, नाहीतर सवड आणि पैसे दोन्ही असलेलीच माणसं इथे उरतील, आणि मग हे केंद्र सगळ्यांचं कसं म्हणायचं? कार्यकारिणीच्या बैठकीत स्वयंसेवकांपैकी एकाला बसू द्या. त्याला मतदानाचा हक्क नको, फक्त बोलायची मुभा. आणि कार्यक्रमाच्या शेवटी 'ज्ञात-अज्ञात हातांचे आभार' म्हणायचं बंद करा. आम्ही अज्ञात नाही, रजिस्टरमध्ये आमची नावं आहेत. ती वाचायला दोन मिनिटं लागतील.

कपाटाच्या किल्लीची एक प्रत करून ती माझ्या टेबलाच्या खणात ठेवू द्या. डाव्या दाराचं कुलूप कार्यक्रमाच्या वेळी काढलेलं असावं, हे मात्र पुढच्या बैठकीपर्यंत थांबवू नका. येत्या शनिवारी कार्यक्रम आहे, मी त्याच दाराशी असेन. कुलूप असलं तर मी प्रेक्षकांना आत सोडणार नाही, हे आदरपूर्वक आताच कळवते.

त्या दृष्टिहीन बाई अजूनही येतात. बहिणीबरोबरच येतात, पण बहिणीला नृत्यातलं फारसं कळत नाही. मागच्या वेळी आत जाताना त्यांनी माझ्या टेबलावर हात टेकून विचारलं, "तो मुलगा आहे का आज?" मी नाही म्हटलं. त्या मान हलवून आत गेल्या.

त्याचा नंबर रजिस्टरमध्ये आहे, पहिल्या सहीच्या शेजारी. दोन खुर्च्यांचा निर्णय झाला की मला सांगा, मी त्याच दिवशी फोन करते.

आपली,
आपल्याच केंद्रातील एक स्वयंसेविका